जोस्कँचा ‘आवे मारिया’ चार आवाजांत बसवताना: क्रम, तयारी आणि नेहमीच्या चुका

चौघांनी आपापली ओळ पाठ केलेली असते. पियानोवर चारही ओळी एकत्र वाजवून पाहिलेल्या असतात, त्याही जुळतात. मग उभं राहून गायला घेतात आणि अर्ध्या मिनिटात कुणीतरी जागा चुकतं, बाकीचे त्याच्यामागे धावतात आणि शेवटी सगळे सोप्रानोचं (चार आवाजांतल्या सगळ्यात वरच्याचं; त्याखाली अल्टो, टेनर आणि बास) बोट धरून कसेबसे पैलतीर गाठतात. पंधराव्या-सोळाव्या शतकातला युरोपीय संगीतकार जोस्कँ दे प्रे याचा ‘आवे मारिया… वीर्गो सेरेना’ हा मोटेट (लॅटिन धार्मिक मजकुरावरची अनेक आवाजांची रचना) बसवणाऱ्या हौशी गटांचं हे नेहमीचं चित्र. आमच्या गटाचंही पहिल्या वर्षी हेच झालं होतं.

दोष गळ्यांचा नसतो, क्रमाचा असतो. चर्चमधलं साधं भजन किंवा नाताळचं कॅरल आपण जसं बसवतो (आधी सोप्रानोची चाल, मग तिच्याखाली बाकीच्यांचे सूर), तसंच हेही बसवायला जातो. कॅरल उभं वाचायचं असतं: एका शब्दाखाली चार सूर. जोस्कँ आडवा वाचायचा. इथे चार आवाज आणि चार चाली आहेत, कुणीही कुणाच्या साथीला नाही. खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. विशेषतः सहाव्या टप्प्याआधी चारही आवाजांनी एकत्र गाण्याचा मोह आवरा.

स्टाफ नोटेशन थोडंफार वाचता येणारे आठ ते सोळा गायक, ट्यूनिंग फोर्क, फोनवर तानपुरा आणि भरपूर पेन्सिली एवढं पुरेसं आहे. पियानो खोलीत असला तर झाकून ठेवा.

## टप्पा १: रचना तीच आहे ना, ते बघा

जोस्कँच्या नावावर ‘आवे मारिया’ एकच नाही. ‘पातेर नोस्तेर’ आणि ‘आवे मारिया’ मिळून सहा आवाजांची एक जोडरचना आहे. आपल्या मृत्यूनंतर, मिरवणूक आपल्या घरासमोरून जाताना ती गायली जावी अशी सोय त्याने आजच्या उत्तर फ्रान्समधल्या कोंदे गावात करून ठेवली होती. शिवाय आपण बसवतोय त्याच मोटेटवरून लुडविग झेन्फ्ल या संगीतकाराने पुढे रचलेली सहा आवाजांची आवृत्ती आहे. इंटरनेटवर नुसतं नाव टाकून शोधलं की यातलं काहीही हाती लागू शकतं.

आपल्याला हवा तो मोटेट चार आवाजांचा. ओत्ताव्यानो पेत्रुच्ची या मुद्रकाने व्हेनिसमध्ये १५०२ साली छापलेल्या पहिल्या मोटेटसंग्रहात तो अगदी सुरुवातीला आहे.

तपासा: पांढरी एक हा षड्ज धरला तर सोप्रानोची पहिली ओळ मंद्र पंचमावरून उठते: प़ सा सा रे ग सा. शेवटचे शब्द ‘ओ मातेर देइ, मेमेन्तो मेइ, आमेन’. दोन्ही जुळलं तर प्रत बरोबर आहे.

आता पेन्सिल घ्या. मूळ छपाईत बारच्या रेषा नव्हत्या, लयीच्या सूचना नव्हत्या, ‘हळू’ किंवा ‘मोठ्याने’ अशा खुणाही नव्हत्या. तुमच्या प्रतीत त्या असतील तर त्या संपादकाच्या आहेत. क्रेशेंडोच्या (आवाज वाढवण्याच्या) सगळ्या कात्र्या खोडून टाका. सुरांच्या *वर* बारीक छापलेले शार्प-फ्लॅट (सूर अर्ध्याने चढवण्या-उतरवण्याच्या खुणा) मात्र राहू द्या, त्यांचं काम सहाव्या टप्प्यात आहे. आणखी एक नोंद करून ठेवा: प्रतीत सुरांच्या लांबीची मूळ मूल्यं निम्मी केली आहेत की नाहीत. केली असतील तर मूळ सेमिब्रीव्ह (त्या लेखनातला एका मात्रेचा सूर) तुम्हाला हाफ नोट म्हणून दिसेल, नाहीतर होल नोट म्हणून.

## टप्पा २: आधी गळे मोजा, मग पट्टी ठरवा

इथे बहुतेक गट उलटं करतात. छापलेली पट्टी देववाणी मानतात आणि अल्टोच्या बायका खालच्या सुरांवर कण्हत राहतात.

त्या काळात सर्व गावांना लागू असा एक ठरलेला सूर नव्हता. कागदावरचा ‘सी’ म्हणजे अमुक इतकी कंपनं असं काही नव्हतं, गायकांच्या सोयीने सुरुवातीचा सूर धरत. वरचा आवाज मुलं किंवा खोट्या आवाजात गाणारे पुरुष म्हणत, आणि अल्टस, म्हणजे आजच्या अल्टोची ओळ, ही उंच गळ्याच्या पुरुषांची होती. म्हणूनच इथला अल्टो सोप्रानोनंतर एक सप्तक खाली येतो. आजच्या बायकी अल्टोला ती जागा फार खालची पडते.

करायचं असं: प्रत्येक ओळीतला सगळ्यात खालचा आणि सगळ्यात वरचा सूर प्रतीच्या कोपऱ्यात लिहा. मग ते सूर गायकांकडून *म्हणवून* बघा, त्यांना नुसतं विचारू नका. अल्टो तळाशी विरत असेल तर दोन उपाय आहेत. सगळी रचना एका सुराने वर, म्हणजे पांढरी दोनवर घ्या. किंवा हलक्या गळ्याचे एक-दोन टेनर अल्टोत घाला. मला दुसरा उपाय आवडतो, कारण टेनर आणि अल्टो यांचा पोत जवळ येतो आणि या रचनेत ते दोघे सतत एकमेकांच्या वाटेत येत असतात.

सावधान: एका ओळीला पाच जण आणि दुसरीला एक, अशी वाटणी नको. सोप्रानो जास्त मिळतात म्हणून सगळ्या घेतल्या की चार समान चालींची पुन्हा एक चाल आणि तीन साथी होतात.

## टप्पा ३: सूर नाही, शब्द

एक पूर्ण तालीम फक्त शब्दांची. हा टप्पा गाळलेला गट मला दोन ओळींत ओळखू येतो.

आधी अर्थ. सुरुवातीला वंदन, मग पाच कडवी, शेवटी एक वैयक्तिक विनवणी. पाच कडवी मारियेच्या पाच सणांची आहेत: गर्भसंभव, जन्म, देवदूताचा निरोप, शुद्धीकरण आणि स्वर्गारोहण. दुसरं कडवं ज्या जन्मसणाचं, तोच ८ सप्टेंबरचा सण बांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेमागे आहे. तेव्हा आपल्याकडच्या अनेकांना हा मजकूर वाटतो तितका परका नाही. त्याच कडव्यातला ‘लूचिफेर’ शब्द पाहून कुणीतरी दचकतंच. इथे त्याचा अर्थ पहाटेचा तारा, सूर्याच्या आधी उगवणारा.

आता उच्चार. चर्चमधला इटालियन वळणाचा लॅटिन उच्चार धरला तर मराठी जिभेला बरंच फुकट मिळतं. त आणि द दातांवरचेच हवेत, ते आपल्याकडे आहेतच. अडचणी वेगळ्या आहेत:

‘ग्रात्सिया’, ‘लेतित्सिया’, ‘पुर्गात्सियो’ यांतला ‘त्स’ म्हणजे आपला ‘चांगला’मधला च. पण मराठीत इ-ईच्या आधी च आपोआप ‘चिंच’मधला होतो, म्हणून बेसावध गायक ‘ग्राचिया’ म्हणतो. उलट ‘चेलेस्तिया’ आणि ‘आंजेलिचिस’मध्ये ‘चिंच’मधलाच च हवा, आणि ‘चेलेस्तिया’तल्या ‘स्ति’चा ‘स्त्सि’ होऊ द्यायचा नाही. ‘कोन्चेप्त्सियो’त दोन्ही एकाच शब्दात येतात. हा शब्द दहा वेळा सावकाश म्हणा.

‘उमिलितास’मध्ये सुरुवातीचा ह ऐकू येत नाही. ‘व’ला वरचे दात खालच्या ओठाला लागले पाहिजेत. ‘लूचिफेर’मधला फ हा ‘फणस’मधला नाही, ‘फॅन’मधला. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे शेवटच्या ‘आ’चा ‘अ’ होणं. ‘मारिय’, ‘सेरेन’ असं ऐकू आलं की थांबवा.

नंतर आघात: मा*रि*या, *ग्रा*त्सिया, *दो*मिनुस, से*रे*ना, कोन्*चे*प्त्सियो. प्रतीत आघाताच्या अक्षराखाली रेघ मारा. पुढे बारच्या रेषेऐवजी हीच रेघ तुम्हाला वाट दाखवणार आहे.

तपासा: सगळ्यांनी मजकूर गद्यात, एकत्र, सभेत वाचावा तसा वाचावा. श्वास कुठे पडतात ते ऐका. ते श्वास प्रतीत लिहा.

## टप्पा ४: एकच ओळ, सगळ्यांनी

पहिल्या भागात, ‘आवे मारिया, ग्रात्सिया प्लेना, दोमिनुस तेकुम, वीर्गो सेरेना’ इथपर्यंत, चारही आवाज आळीपाळीने तेच वाक्य उचलतात: सोप्रानो, अल्टो, टेनर, बास. प्रत्येक जण आपापल्या सप्तकात, पण सूर तेच. म्हणजे ही चाल *सगळ्यांची* आहे. तरीही गट पहिल्याच दिवशी चार कोपऱ्यांत पांगतात.

तसं करू नका. अख्ख्या गटाने सोप्रानोची सुरुवात सरगममध्ये म्हणावी, पुरुषांनी खालच्या सप्तकात. तानपुरा सा-पवर. त्या काळची गाणारी पोरंसुद्धा आधी उत-रे-मी-फा-सोल-ला या अक्षरांवर ओळ बसवत आणि मग शब्दांकडे वळत. आपल्याला सरगम लहानपणापासून येते, ती बाजूला ठेवून पियानोच्या पट्ट्या मोजण्यात काहीच शहाणपण नाही. मग सगळ्यांनी अल्टोची ओळ, मग टेनरची, मग बासची. यात दोन तालमी जातात, जाऊ द्या.

आणि गंधाराकडे लक्ष द्या. पियानोचा गंधार तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो. ज्यांनी ओळ पियानोवरून पाठ केली त्यांचा ‘ग’ टोचतो आणि मुक्कामाच्या जागी (जिथे वाक्य येऊन थांबतं) चार आवाज एकमेकांत मुरत नाहीत. तानपुऱ्यावर गंधार ठेवून थांबा, तो शांत झाला की पुढे चला.

सावधान: तानपुरा हा सरावाचा सोबती आहे. मुक्काम दुसऱ्या सुरावर पडला की त्याचा सा-प खोटा ठरतो. वाक्यापुरता लावा, बंद करा, गरज पडल्यास नव्या सुरावर लावा.

## टप्पा ५: मात्रा हातात, सम डोक्याबाहेर

हिंदुस्थानी गाण्याची सवय असलेल्यांची इथे गंमत होते. लय त्यांची पक्की असते, पण समेची ओढ सुटत नाही. ते नकळत बारची पहिली मात्रा सम समजून तिच्यावर दाब देतात. इथे आवर्तन नाही. एक सारखी चालणारी मात्रा आहे, तिला टॅक्टस म्हणत: हात खाली, हात वर. गाफुरियो या संगीतशास्त्रकाराने १४९६ साली तिचं माप शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाडीचं दिलं आहे. समच म्हणायची तर ती शब्दावरच्या आघाताची, आणि ती चौघांची चार वेगळ्या जागी येते.

सेमिब्रीव्हला मिनिटाला ६० ते ६६ ठेवून बघा. संपूर्ण मोटेट साधारण पाच मिनिटांत होतो. सात मिनिटं लागत असतील तर तुम्ही भक्तिभाव आणि रेंगाळणं यांत गल्लत करताय.

सराव असा:

१. सगळ्यांनी गुडघ्यावर हलक्या हाताने टॅक्टस देत आपापली ओळ *बोलावी*, सुराशिवाय.

२. तेच चौघांनी एकत्र. पहिल्यांदा हसू येतं, कारण बाजार भरल्यासारखं वाटतं. तिसऱ्यांदा कोण कुणानंतर येतं ते कळू लागतं.

३. मग गुडघ्यावरचा हात थांबवून फक्त बोटाने.

शक्य असेल तर या टप्प्यावर स्कोअर काढून घ्या आणि प्रत्येकाला फक्त त्याची ओळ असलेला कागद द्या, बारच्या रेषांशिवाय. जोस्कँच्या गायकांपुढे असंच होतं: एका मोठ्या उघड्या पुस्तकात चार ओळी चार वेगळ्या जागी, एकाखाली एक नव्हे. दुसऱ्याची ओळ *दिसत* नाही म्हणून ती ऐकावी लागते. माझ्या अनुभवात यापेक्षा लवकर गुण देणारा उपाय दुसरा नाही, आणि याला गायकांचा जितका विरोध होतो तितका दुसऱ्या कशालाच होत नाही.

## टप्पा ६: जोड्या, मग मुक्काम

आता एकत्र गा, पण दोन-दोन. सोप्रानो-अल्टो. टेनर-बास. मग ज्यांची सवय नाही अशा जोड्या: सोप्रानो-टेनर, अल्टो-बास.

हे मनाने काढलेलं नाही, रचनाच तशी आहे. पहिल्या कडव्यात ‘आवे कूयुस कोन्चेप्त्सियो’ वरचे दोघे म्हणतात, मग खालचे तिघे ते उचलतात. अल्टो दोन्हीकडे आहे, त्याला दम घ्यायला फुरसत नाही. ‘सोलेम्नी प्लेना गाउदियो’ला, म्हणजे ‘आनंदाने भरलेली’ या शब्दांना, चौघेही आत येतात आणि पोत खरोखर भरतो. तिसऱ्या कडव्यात, ‘आवे पिया उमिलितास’ला, वरची जोडी आणि खालची जोडी आळीपाळीने बोलतात. दोन जोड्यांना समोरासमोर उभं करा. उत्तर देणाऱ्या जोडीने प्रश्नाची लय आणि आवाजाची उंची तशीच परत दिली पाहिजे. बास इथे हमखास जड होतो.

चौघे एकत्र आल्यावर एकच नियम: ज्याने नुकतं वाक्य सुरू केलं आहे तो ऐकू आला पाहिजे. बाकीच्यांनी आपलं वाक्य पुढे नेत थोडं मागे सरावं. खुणा लिहून हे होत नाही, कारण प्रत्येकाची मागे सरायची वेळ वेगळी. कान लावूनच होतं.

मुक्कामांवर सहाव्या टप्प्याचं दुसरं काम. सुरांच्या वरचे ते बारीक शार्प-फ्लॅट इथे येतात. गायकांनी मुक्कामाला जाताना खालचा सूर अर्ध्याने जवळ घ्यावा, आणि मध्यम व शुद्ध निषादाचा कर्कश सांधा टाळायला निषाद कोमल करावा, असा रिवाज होता. तो लिहून देण्याची गरज त्यांना वाटत नसे. षड्जावरच्या मुक्कामाला शुद्ध नी आधीच अर्ध्या अंतरावर आहे, तिथे काही करायचं नाही. पंचमावर मुक्काम असेल तर तीव्र मध्यम लागतो.

सावधान: दोन ध्वनिमुद्रणांत हे सूर वेगळे ऐकू आले म्हणून तालमीत वाद घालू नका. एका प्रतीचे निर्णय सगळ्यांच्या कागदावर उतरवा. अर्धे गायक एका मुद्रणावरून आणि अर्धे दुसऱ्यावरून घरी सराव करून आले की कोमल आणि शुद्ध निषाद एकाच वेळी वाजतात. आमच्याकडे हे कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी उघडकीला आलं.

## टप्पा ७: तीनच्या चालीचा भाग

‘आवे वेरा वीर्जिनितास’ला लय तीनवर जाते आणि चौघे एकदम बोलल्यासारखे वाटतात. गट सुटकेचा श्वास टाकतो: चला, सोपं आलं. इथेच पाय घसरतो.

ऐकायला एकसंध वाटलं तरी आत कॅनन आहे. टेनर सोप्रानोचीच चाल सा-पच्या अंतराने खाली, एक मात्रा उशिरा म्हणतो. टेनरने सोप्रानोच्या आघातांवर पाऊल टाकलं की कॅनन मरतो आणि उरतं ते झुलणारं अंगाईगीत. म्हणून आधी फक्त सोप्रानो आणि टेनर गाऊ द्या, प्रत्येकाने आपल्याच शब्दावर आघात देत. दोघांचं जमलं की अल्टो-बास घाला.

लयीचं नातं आधी ठरवा. नवीन तीन मात्रा जुन्या एका टॅक्टसमध्ये बसवायच्या की दोनमध्ये, यावर गायकगट वेगवेगळा निर्णय घेतात. दोन्ही म्हणून बघा, एक निवडा आणि प्रतीत लिहा. ‘अंदाजाने जरा चपळ’ हा निर्णय नव्हे, कारण मग परत दोनवर येताना प्रत्येकाचा अंदाज निराळा निघतो.

तपासा: तीनच्या भागाच्या आधीच्या चार आणि नंतरच्या चार टॅक्टसवर मेट्रोनोम लावा. आकडा तोच आहे का?

## टप्पा ८: शेवटची विनवणी

पाचवं कडवं, ‘आवे प्रेक्लारा’, पुन्हा दोनच्या लयीत आहे आणि वेगळ्या सूचनेची त्याला गरज नाही. वरचं सगळं केलं असेल तर ते चालतं. त्यानंतर सगळे थांबतात. मग ‘ओ मातेर देइ, मेमेन्तो मेइ’, देवाच्या आई, माझी आठवण ठेव. संपूर्ण रचनेत पहिल्यांदाच चौघे लांब सुरांवर, शब्दाला शब्द लावून, सरळ उभे राहतात. हा भाग खरोखर उभा वाचायचा.

तीन चुका इथे ठरलेल्या. आधीची शांतता पुरती मोजली जात नाही. लांब सूर बघून लय आणखी ओढली जाते. सूर आधीच लांब आहेत, जोस्कँने ओढून दिलेलं पुन्हा ओढू नका. आणि शेवटच्या ‘आमेन’ला कुणीतरी गोड वाटावं म्हणून गंधार घालतं. तिथे गंधार नाही, फक्त सा आणि प आहेत. मोकळा, पोकळ वाटणारा शेवट तसाच हवा. इथे तानपुरा लावून सराव केला तर आवाज भिंतीसारखा स्थिर होतो.

## टप्पा ९: उभं राहणं आणि सूर उतरणं

लांब सरळ रांगेत उभे राहू नका. अर्धवर्तुळ करा, जवळजवळ, प्रत्येकाला प्रत्येकाचं तोंड दिसेल असं. जोस्कँ १४८९ पासून काही वर्षं रोमला पोपच्या गायकवृंदात होता. सिस्टिन चॅपेलमधला गायकांचा सज्जा बेताचाच आहे, त्यात सगळे पुस्तकाभोवती दाटीने उभे राहत. (सज्जाच्या भिंतीवर कोरलेल्या नावांत ‘जोस्क्विन’ हेही एक आहे.) तिथे ऑर्गनची साथ नसे. तुम्हीही घेऊ नका, पण मग सूर उतरण्याची जबाबदारी तुमची.

सूर बहुतेकदा तीन ठिकाणी उतरतो: खाली येणाऱ्या ओळीत, एकच सूर पुन्हा म्हणताना, आणि ‘ए’ स्वरावर जबडा आखडतो तेव्हा. प्रत्येक कडव्याच्या शेवटी एका ठरलेल्या माणसाने ट्यूनिंग फोर्क कानाशी धरावा आणि काही न बोलता बोटाने वर-खाली खूण करावी. कोणत्या कडव्यात उतरतो हे कळलं की तेवढंच कडवं घ्या, सरगममध्ये, टप्पा ४ प्रमाणे. सगळी रचना पुन्हा पहिल्यापासून म्हणून सूर वर येत नाही, गायक तेवढे दमतात.

कार्यक्रमाच्या दिवशी अर्धा सूर उतरलाच तर मध्येच कुणी एकट्याने वर ओढू नये. सगळे मिळून उतरलेले असाल तर श्रोत्यांना कळणार नाही, एकटा वर राहिलात तर नक्की कळेल.